मॅग्नम रायफलचे काडतूस: हाताने भरण्यामागचे शास्त्र आणि माळ्यावरचा जुना डबा

आपल्या मंडळातल्या अनेक घरांच्या मागच्या पिढ्या संस्थानी नोकरीत होत्या. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे इथल्या जुन्या वाड्यांत शिकारीच्या काळातल्या वस्तू अजून निघतात. कुठे भिंतीवरचे शिंग असते, कुठे चामड्याचा काडतूसपट्टा, तर कुठे कॅम्पमधला धूसर फोटो. कधीकधी माळ्यावर पितळी काडतुसांचा एखादा डबाही सापडतो. मग घरात दोन प्रश्न हमखास निघतात. ही काडतुसे अजून चालतील का? आणि चालत नसतील, तर यात नवी दारू भरून ती पुन्हा वापरता येतील का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण नुसते नाही म्हटल्याने कुणाचे समाधान होत नाही. परदेशात हजारो शिकारी आणि नेमबाज घरच्या टेबलावर काडतुसे भरतात, त्याचे व्हिडिओही सगळ्यांनी पाहिलेले असतात. तिथे जमते ते इथे का नको, हे समजून घ्यायचे तर ती विद्या नेमकी काय आहे ते आधी पाहावे लागेल. म्हणून हा लेख.

काडतुसाचे चार भाग

ठासणीची बंदूक आपल्याकडे अनेकांना ऐकून तरी माहीत असते. नळीत दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग गोळी किंवा छर्रे, आणि गजाने ठासायचे. दारू किती घालायची हे बंदूक चालवणाराच ठरवत असे. एका अर्थाने ठासणीचा प्रत्येक बार हाताने भरलेलाच असे.

काडतूस आले तेव्हा हे सगळे एका पितळी पुंगळीत बंद झाले. पुंगळीच्या बुडाशी प्रायमर, म्हणजे आघाताने पेटणारी टोपी. आत दारू. तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. आणि चौथा भाग म्हणजे स्वतः पुंगळी. बार झाल्यावर टोपी, दारू आणि गोळी संपतात, पुंगळी मात्र उरते. काडतुसात सर्वांत महाग भाग बहुधा तीच असते. तिला पुन्हा मापात आणून नवी टोपी, दारू आणि गोळी बसवणे यालाच हाताने काडतूस भरणे म्हणतात.

या कामातली वजने ग्रेनमध्ये मोजतात, आणि हे माप आपल्याला वाटते तितके परके नाही. इंग्रजी अमदानीत तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवला गेला होता. ९६ गुंजांचा तोळा, म्हणून एक गुंज म्हणजे दोन ग्रेनला थोडी कमी. काडतूस भरणाऱ्याचा तराजू ग्रेनचा दहावा भाग दाखवतो. म्हणजे सोनाराच्या गुंजेचेही जवळपास एकोणिसावे हिस्से! एवढी बारकाई कशासाठी लागते, ते पुढे येईल.

मॅग्नम म्हणजे काय

लॅटिनमध्ये मॅग्नम म्हणजे मोठे. काडतुसाच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की गोळीच्या जाडीच्या मानाने पुंगळी मोठी, त्यामुळे दारू जास्त आणि वेगही जास्त. या जातीतले सर्वांत प्रसिद्ध काडतूस लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कारखानदारांनी १९१२ साली आणले. गोळीचा व्यास ०.३७५ इंच, म्हणून त्याला ३७५ मॅग्नम म्हणतात. त्यातली जड गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे पावणेदोन तोळ्यांना किंचित कमी. ती नळीतून साधारण सेकंदाला २,५०० फूट वेगाने सुटते. ताशी हा वेग २,७०० किलोमीटरच्या वर जातो. आफ्रिकेतल्या अनेक देशांत हत्ती, रानरेडा अशा धोकादायक प्राण्यांसाठी कायद्याने किमान जे माप ठरवले आहे, ते हेच ३७५.

या काडतुसाच्या बुडाजवळ पितळेचा एक उंच पट्टा असतो. पुंगळीचे खांदे फार उतरते असल्यामुळे ती नळीत किती आत बसावी याला नेमका टेकू मिळत नसे. तो टेकू या पट्ट्याने दिला. पुढे अमेरिकेत ३३८ विंचेस्टर (१९५८), ७ मिलिमीटर रेमिंग्टन (१९६२), ३०० विंचेस्टर (१९६३) अशी मॅग्नम काडतुसे निघाली. त्यांचे खांदे चांगले उभे होते, टेकूची गरज उरली नव्हती. तरीही पट्टा तसाच राहिला, कारण गिऱ्हाइकाच्या मनात पट्टा म्हणजे मॅग्नम असे समीकरण पक्के झाले होते. हा पट्टा काडतूस भरणाऱ्याला पुढे त्रास देतो, ते खाली पाहू.

बार होताना ३७५ मॅग्नमच्या पुंगळीत किती दाब तयार होतो? अमेरिकी मानकाप्रमाणे कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाशी तुलना केली तर जवळपास दोन हजार पट. आणि हे सगळे नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर घडते.

कॉर्डाइट आणि आपला उन्हाळा

३७५ मॅग्नम जन्मली तेव्हा ब्रिटिश काडतुसांत कॉर्डाइट नावाची धूरविरहित दारू असे. फ्रेडरिक एबेल आणि जेम्स ड्यूअर यांनी १८८९ साली तिचे पेटंट घेतले होते. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडे पेट्रोलियम जेली मिळवून केलेल्या शेवयांसारख्या दोऱ्या, म्हणून नाव कॉर्डाइट. शक्ती भरपूर, पण एक मोठी खोड होती. काडतूस जितके तापलेले, तितका बाराचा दाब जास्त.

इंग्लंडच्या गारव्यात बेताचे वाटणारे काडतूस मध्य भारतातल्या मे महिन्यात, उन्हात ठेवलेल्या पेटीतून काढले, तर त्याचा दाब बराच वर चढे. दाब वाढला की पुंगळी नळीत घट्ट चिकटते आणि रायफल उघडतच नाही. समोर जखमी वाघ असताना हे झाले, तर काय प्रसंग ओढवेल याची कल्पना करता येते. म्हणूनच ३७५ची पुंगळी लांब आणि निमुळती ठेवलेली होती. अशी पुंगळी सहज सुटून बाहेर येते. शिवाय ब्रिटिश कारखानदार उष्ण प्रदेशांसाठी दारूचे माप कमी केलेली काडतुसे वेगळी विकत. एकच रायफल, एकच काडतूस, पण विलायतेसाठी एक माप आणि हिंदुस्थानासाठी दुसरे.

जोडनळी रायफलमध्ये तर मापाचे महत्त्व आणखी वाढते. तिच्या दोन नळ्या अगदी समांतर नसतात, तोंडाकडे किंचित जवळ येतात. उजव्या नळीचा बार झाला की धक्क्याने रायफल वर आणि उजवीकडे झुकते, डाव्या नळीचा झाला की डावीकडे. गोळी नळीत असतानाच ही हालचाल सुरू झालेली असते. दोन्ही गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून कारागीर नेमके एक काडतूस समोर ठेवून, बार काढत काढत नळ्यांचा कोन जुळवत असे. दारू किती आणि गोळी किती वजनाची, हे बऱ्याचदा रायफलवरच कोरलेले असे. वेगवान काडतूस घातले तर गोळी लवकर सुटते आणि दोन नळ्यांच्या गोळ्या एकमेकींचा मार्ग ओलांडतात. संथ घातले तर त्या एकमेकींपासून दूर जातात.

थोडक्यात, काडतुसाचे माप ठरते ते त्या एका रायफलसाठी आणि तिथल्या हवामानासाठी. हाताने काडतूस भरण्याची सगळी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे.

अमेरिकेत ही विद्या घराघरांत कशी पोचली

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सैन्याची शिल्लक दारू स्वस्तात विकायला निघाली. कॅन्सस राज्यातल्या ब्रूस हॉजडन यांनी ती विकत घेऊन किरकोळ विकायला सुरुवात केली. त्यात २० मिलिमीटर तोफेसाठी बनलेली एक संथ जळणारी दारू होती. ती मॅग्नम पुंगळ्यांना अगदी योग्य निघाली.

संथ जळणारी दारू का चांगली, हे चुलीपुढे बसलेल्या माणसाला लगेच कळेल. काटक्या भुरकन पेटून विझतात, बाभळीचा ओंडका सावकाश आणि बराच वेळ आच देतो. मोठ्या पुंगळीत भुरकन जळणारी दारू भरली तर गोळी जागची हलण्याआधीच दाब मर्यादेबाहेर जाईल. संथ दारू गोळीला नळीभर ढकलत नेते.

गोळीतही तेव्हाच सुधारणा झाल्या. १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जॉन नोस्लर यांनी ३०० मॅग्नम रायफलने मूस जातीच्या मोठ्या हरणावर बार काढले. चिखलाने माखलेल्या त्या जनावरावर गोळ्या वरच्यावरच फुटल्या, आत खोल गेल्याच नाहीत. मॅग्नमचा वेग इतका होता की जुन्या घडणीची गोळी तो सोसू शकली नाही. नोस्लर यांनी मग मधोमध तांब्याची भिंत असलेली दोन खणांची गोळी तयार केली. पुढचा भाग फुलतो, मागचा भाग शाबूत राहून आत शिरतो. जनावर जखमी होऊन तडफडत पळू नये, एका गोळीत संपावे, ही शिकाऱ्याची जबाबदारी आहे आणि हाताने काडतूस भरणाऱ्याच्या सगळ्या खटाटोपाचा हेतूही तोच, असे तिथे मानतात.

माप कसे ठरवतात

गोळ्या आणि दारू बनवणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून तक्ते प्रसिद्ध करतात. कोणत्या गोळीला कोणती दारू, सुरुवात किती मापापासून करायची आणि कमाल मर्यादा कोणती, हे त्यात असते. काडतूस भरणारा खालच्या मापापासून सुरुवात करतो आणि थोडे थोडे वाढवत जातो. आपल्या रायफलची नळी प्रयोगशाळेतल्या नळीपेक्षा थोडी अरुंद असू शकते, पुंगळी जाड असू शकते, टोपी वेगळी असू शकते. यांतली प्रत्येक गोष्ट दाब बदलते. म्हणून कमाल आकडा पाहून थेट तिथे उडी मारणे या विद्येत सर्वांत मोठा गुन्हा समजतात.

यात एक गोम आहे. माप थोडे वाढवले की वेग थोडाच वाढतो, दाब मात्र त्याहून जास्त प्रमाणात वाढतो. शेवटच्या एका ग्रेनने वेगात पडणारी भर शिकारीत जाणवणारही नाही, पण दाबात पडणारी भर रायफलला जाणवते. बोल्ट जड उघडणे, टोपी चेपून सपाट होणे, पुंगळीच्या बुडावर खुणा उमटणे ही धोक्याची चिन्हे मानतात. पण ती उशिरा दिसतात. कधीकधी मर्यादा ओलांडून झाल्यावरच दिसतात. म्हणून जाणकार वेग मोजण्याचे यंत्र वापरतात. तक्त्यात दिलेल्यापेक्षा वेग जास्त आला, तर दाबही जास्त आहे असे धरून ते माप खाली आणतात.

मग कोणते माप अचूक, हे कसे ठरवायचे? बरेचजण एकेका मापाच्या तीन गोळ्या कागदावर मारतात आणि सर्वांत जवळजवळ लागलेल्या तीन गोळ्यांचे माप निवडतात. यात गणिताची चूक आहे. रायफल आणि माप तेच ठेवून दहा गोळ्या मारल्या तर त्यांचा पसारा तीन गोळ्यांच्या सरासरी पसाऱ्याच्या दीडपटीहून थोडा जास्त येतो, हे संभाव्यतेच्या गणितातून काढता येते. शिवाय तीन-तीन गोळ्यांचे गट आपसांतच खूप लहानमोठे येतात. त्यातला सर्वांत लहान गट निवडणे म्हणजे पुष्कळदा योगायोग निवडणे होय. मॅग्नमच्या बाबतीत हा मोह जास्त, कारण तिचा धक्का फार. ३७५चा धक्का साध्या शिकारी रायफलच्या साधारण दुप्पट असतो. दहा-बारा बारांनंतर खांदा दुखतो, डोळे आपोआप मिटू लागतात, नळी तापते, आणि माणूस म्हणतो, “तीनच पुरे.” अनुभवी लोक त्याऐवजी थोडी काडतुसे एका दिवशी, थोडी दुसऱ्या दिवशी, थंडीत आणि उन्हात अशी मारून पाहतात आणि वहीत नोंदी ठेवतात.

आता तो पट्टा. नवे काडतूस पट्ट्यावर टेकते, त्यामुळे खांद्यापुढे थोडी पोकळी राहू शकते. बार झाला की पितळ पुढे ताणले जाऊन ती पोकळी भरते, आणि हा ताण पट्ट्याच्या जरा वर पडतो. पुन्हा भरताना दर वेळी खांदा मागे ढकलला तर दर बाराला पितळ तिथेच ताणले जाते, पातळ होते आणि काही बारांनंतर पुंगळी तिथेच तुटते. बाहेरून फक्त एक फिकट कडे दिसते. म्हणून जाणकार पुंगळीला मापात आणताना खांदा नेमका आपल्या रायफलला बसेल एवढाच मागे नेतात, आणि पुंगळी किती वेळा भरली याचा हिशेब ठेवतात.

आता आपल्या माळ्यावरच्या डब्याकडे

एवढे समजल्यावर सुरुवातीच्या दोन प्रश्नांची उत्तरे सहज लागतात.

जुन्या डब्यातल्या काडतुसात कोणते माप आहे, ते बाहेरून कळत नाही. विलायती की उष्ण प्रदेशाचे? कोणत्या रायफलसाठी जुळवलेले? मापांच्या नावांचा गोंधळही पुष्कळ आहे. बंडखोरांच्या हाती दारूगोळा जाईल या भीतीने सरकारने १९०७च्या सुमारास हिंदुस्थानात ४५० बोअरवर बंदी घातली. मग ब्रिटिश कारखानदारांनी ४६५, ४७० अशी नवी मापे पुढे आणली. जिम कॉर्बेट यांच्याकडे होती त्या जातीच्या ४५०/४०० काडतुसाच्या तर दोन लांब्या आहेत, तीन इंच आणि सव्वातीन इंच. नाव एकच, काडतुसे निराळी.

त्याशिवाय दारू इतक्या वर्षांच्या उन्हाळ्यांत माळ्यावर तापून निवलेली. अशी दारू हळूहळू विघटित होते आणि ते बाहेरून दिसेलच असे नाही. बार कधी उशिरा होतो, कधी अर्धवट होतो आणि गोळी नळीतच अडकते. तसे कळले नाही आणि मागून दुसरा बार केला, तर नळी फुटते.

पुंगळ्या पुन्हा भरायच्या म्हटले तरी जमणार नाही. जुन्या कित्येक टोप्यांत पाऱ्याचे संयुग असे. बार झाला की पारा पितळात शिरतो आणि पितळ ठिसूळ होते. ब्रिटिश पुंगळ्यांच्या टोपीची घडणही बहुधा वेगळी, ती आजच्या साध्या अवजारांनी निघत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी कायदा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही आणि जवळही बाळगता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नंतर हौसेच्या शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. ‘आजोबांच्या नावावर परवाना होता’ एवढ्याने नातवाचे भागत नाही. परवानाधारक गेल्यावर वारसाने स्वतःचा परवाना काढावा लागतो, नाही तर शस्त्र आणि काडतुसे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, हेही वारसाहक्काची वाटणी करताना लक्षात असावे.

म्हणून आमची सभासदांना विनंती आहे:

काडतुसे सापडली तर ती हलवू, घासू, उघडू नका. पितळ चकाकवण्याच्या नादात तर मुळीच पडू नका. मुलांना तिथून दूर ठेवा. डबा आहे तिथेच राहू द्या, दुरून फोटो घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. स्वतः गाडीत घालून नेण्याआधी कसे आणावे ते विचारा, कारण परवान्याशिवाय नेणे हाच गुन्हा ठरू शकतो. जमा केल्यावर लेखी पोच घ्या आणि ती घराच्या कागदपत्रांत ठेवा. शस्त्रही सापडले असेल किंवा वारसाचा प्रश्न असेल, तर आधी वकिलाचा सल्ला घ्या.

काडतुसे भंगारात देऊ नका, विहिरीत टाकू नका, होळीत तर कधीच नाही. जुन्या बॅगा, कोट आणि चामड्याचे पट्टे प्रवासाला नेण्याआधी त्यांचे कप्पे तपासा. विसरलेले एक काडतूस विमानतळावर सापडले तरी पुढची चौकशी लांबते. रिकामी पुंगळी शोभेची म्हणून ठेवावी असे वाटले, तर तीही विचारूनच ठेवा.

काडतुसे गेली म्हणजे घराचा इतिहास गेला असे नाही. जुने परवाने, शिकारखात्याची पत्रे, कॅम्पचे फोटो, त्यामागे लिहिलेली नावे आणि तारखा यांचे मोल खूप मोठे आहे. ते स्कॅन करून ठेवता येतात. फोटोतली माणसे ओळखणारे घरात कुणी असेल, तर आजच त्यांच्याकडून नावे लिहून घ्या. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे शिवपुरीचे शिकारीचे रान आता माधव राष्ट्रीय उद्यान आहे. २०२३ साली तिथे पुन्हा वाघ सोडले गेले आणि २०२५ साली ते व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. त्या रानातले जुने कागद कुणाच्या घरी असतील, तर अभ्यासकांनाही ते हवे असतील.

असे कागद किंवा फोटो आपल्याकडे असल्यास मंडळाच्या कार्यालयात त्यांच्या प्रती द्याव्यात, आम्ही त्या जपून ठेवू. काडतुसे मात्र मंडळात आणू नयेत. त्यासाठी पहिला फोन पोलीस ठाण्याला करावा.